लॉक आमचे आहे, तरी गेटएन्व्ह कोसळते: दोष कोणाचा?

ऐरोली_पूर्व

नमस्कार मंडळी. शेअर दलालांना बाजारभाव पुरवणारी एक सेवा आमच्या ऐरोलीच्या कार्यालयातून चालते. ती सी++ मध्ये लिहिलेली आहे, लिनक्सवर चालते आणि एरवी दिवसभर तक्रारीला जागा देत नाही. मात्र सकाळी बाजार उघडण्यापूर्वी, म्हणजे ९:०० ते ९:१५ या वेळात, सगळ्या जोडण्या एकदम सुरू होतात तेव्हा ती एखाद्या दिवशी अचानक कोसळते. कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) उघडला की दर वेळी जवळपास तेच दिसते: एक थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा प्रवाह) सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधण्यासाठी गेटॲडरइन्फोत शिरलेला असतो, तिथून तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळालेली नाव-किंमत जोडी, वाचणाऱ्या गेटएन्व्हमध्ये गेलेला असतो आणि तिथेच त्याला सेगमेंटेशन फॉल्ट (भलत्या मेमरीला हात लावल्याचा दोष) आलेला असतो.

आमच्या कोडमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणारी किंवा बदलणारी जेवढी ठिकाणे आहेत, त्या सगळ्यांभोवती एकच म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे लॉक, आहे. गेटॲडरइन्फो थ्रेडसेफ, म्हणजे अनेक थ्रेडांनी एकदम वापरले तरी सुरक्षित, असले पाहिजे असे पॉझिक्स हे युनिक्ससारख्या प्रणालींचे प्रमाण सांगते. मग त्याच्या पोटात काय चालते याची चिंता मी का वाहावी? माझ्या मते हा सरळसरळ लायब्ररीचा दोष आहे. असा प्रकार तुमच्यापैकी कोणी पाहिला असल्यास त्यावर काय केले तेही सांगावे.

मुलुंडकर

पाहिला आहे, आणि यंत्रणा समजली की त्यातले गूढ उरत नाही. एन्व्हायरॉन, म्हणजे या व्हेरिएबलांची यादी, हा पॉइंटरांचा (मेमरीतल्या पत्त्यांचा) ॲरे आहे. प्रत्येक पॉइंटर 'नाव=किंमत' अशा एका स्ट्रिंगकडे बोट दाखवतो आणि शेवटी शून्य पॉइंटर असतो. गेटएन्व्ह या ॲरेवरून पहिल्यापासून चालत जाते आणि नाव जुळले की थांबते. ते कोणतेही लॉक घेत नाही. व्हेरिएबल बदलणारे सेटएन्व्ह स्वतःपुरते लॉक घेते, परंतु गेटएन्व्ह त्या लॉककडे पाहतच नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आता कोणी अगदी नवे नाव सेट केले की ॲरेत एक जागा कमी पडते आणि जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) जुन्या आवृत्त्या तिथे रीॲलॉक करतात, म्हणजे वाढीव जागा मागतात. शेजारची जागा मोकळी असेल तर ॲरे जागच्या जागी वाढतो आणि कोणाला काही कळत नाही. नसेल तर तो दुसरीकडे हलतो आणि जुना तुकडा मेमरी वाटणाऱ्या मॅलॉककडे परत जातो. मोकळ्या झालेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या भागात मॅलॉक स्वतःच्या हिशेबाच्या नोंदी लिहितो. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने जुना ॲरे हातात धरून चालायला सुरुवात केली असेल, तर पहिल्याच घरात त्याला स्ट्रिंगचा पत्ता न मिळता ती नोंद मिळते आणि तो तिलाच पत्ता समजतो. हे सगळे एकाच क्षणी जुळून यावे लागते, म्हणून तुमची सेवा रोज कोसळत नाही.

कोळीवाडा

आमच्याकडे अशा तक्रारींवर 'पुन्हा घडवून दाखवता आले नाही' असा शेरा मारून त्या बंद करण्याची दीर्घ परंपरा आहे. तुमच्या कार्यालयात कोअर डंप उघडून पाहतात, यावरूनच ते सुसंस्कृत असल्याचे दिसते.

हिंदमाता

धागाकर्त्याशी मी सहमत नाही. गेटएन्व्ह थ्रेडसेफ असण्याची गरज नाही, असे पॉझिक्सने स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. जीलिबसीच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक फंक्शनपुढे सुरक्षिततेचा शेरा असतो. गेटएन्व्हपुढे 'एमटी-सेफ एन्व्ह' (एमटी म्हणजे मल्टिथ्रेड) असा शेरा आहे, आणि त्यातला 'एन्व्ह' हा शब्द शोभेसाठी नाही. एन्व्हायर्नमेंट कोणी बदलत नसेल तोवरच हे फंक्शन सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ आहे. सेटएन्व्हपुढे तर 'एमटी-अनसेफ' असेच लिहिलेले आहे. थ्रेड सुरू झाल्यावर सेटएन्व्ह हाकायचे आणि नंतर लायब्ररीच्या नावाने बोटे मोडायची, हे मला पटत नाही. 'सेफ' एवढेच वाचून पान उलटणाऱ्यांची संख्या आपल्याकडे फार आहे.

ऐरोली_पूर्व

हिंदमाता साहेब, मॅन्युअल मीही वाचले आहे. पण आमच्या कोडमधले एकमेव सेटएन्व्ह मेनच्या पहिल्या काही ओळींत आहे, तेव्हा दुसरा थ्रेड जन्मालाही आलेला नसतो. डंपमधल्या दुसऱ्या एका थ्रेडकडे पाहिले तर तो आमच्या पुरवठादाराच्या लायब्ररीत अडकलेला दिसतो. तिचा सोर्स आम्हाला मिळत नाही, आणि ती आतल्या आत काय सेट करते हे तिच्या कागदपत्रांत कुठेही नमूद नाही. मी न केलेल्या कृत्याची शिक्षा मला का?

माटुंगा_हॉस्टेल

मी तिसऱ्या वर्षाला आहे, चुकल्यास सांभाळून घ्यावे. आम्हाला रेस कंडिशन शिकवताना एका काउंटरचे उदाहरण देतात: दोन थ्रेड एकच संख्या वाचतात, दोघेही एक मिळवतात, दोघेही परत लिहितात आणि एक वाढ हरवते. इथला प्रकार मला दादरच्या इंडिकेटरसारखा वाटला. पुलावरून पाहिले तेव्हा फास्ट गाडी पाच नंबरवर होती, आणि जिना उतरेपर्यंत ती दुसरीकडे गेली. हे बरोबर आहे का?

रात्रपाळी

अर्धे बरोबर आहे. इंडिकेटरवर तुम्ही वाचलेली माहिती जुनी झाली, पण वाचली तेव्हा ती खरी होती. त्यात फार तर गाडी चुकते. मुलुंडकरांनी सांगितलेल्या प्रकारात वाचता वाचता इंडिकेटरच काढून नेला आहे आणि तुम्ही मागच्या उघड्या तारा वाचत आहात. पहिल्या प्रकारात पुन्हा वाचून निभावता येते, दुसऱ्यात प्रोग्रामच मरतो.

याच एन्व्हायरॉनमध्ये तिसराही एक प्रकार आहे. अनसेटएन्व्ह एखादे नाव काढते तेव्हा पुढच्या नोंदी एकेक घर मागे सरकवते. तेवढ्यात गेटएन्व्ह त्या जागेवरून पुढे गेले असेल, तर जी नोंद त्याच्या मागे सरकली ती त्याला दिसतच नाही. व्हेरिएबल सेट केलेले असूनही 'नाही' असे उत्तर मिळते आणि प्रोग्राम शांतपणे भलतेच गृहीत धरून पुढे चालू लागतो. कोसळणे परवडले, निदान डंप तरी मिळतो.

विद्याताई

या वादात इतिहासाचा भाग राहून जात आहे. सी लायब्ररीतली बरीच फंक्शने ज्या काळात लिहिली गेली तेव्हा एका प्रोसेसमध्ये एकच थ्रेड असे. पॉझिक्स थ्रेडचे प्रमाण १९९५ मध्ये आले. तोवर लोकलटाइम, एएससीटाइम अशा फंक्शनांनी उत्तर आपल्याच एका स्थिर बफरमध्ये ठेवून त्याचा पॉइंटर परत द्यायची पद्धत रुळलेली होती. शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारा एर्नो तर साधा ग्लोबल पूर्णांक होता. पुढे तो प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र करण्यात आला, म्हणून निदान तेवढी कटकट वाचली.

लोकलटाइमचा परिणाम मी एका लॉगमध्ये पाहिलेला आहे. दोन थ्रेड नोंदी लिहीत होते. एक आत्ताची वेळ लिहीत होता आणि दुसरा जुन्या व्यवहारांची तारीख छापत होता. शेकडो नोंदी व्यवस्थित होत्या आणि मध्येच एका ओळीत तास-मिनिटे आजची, पण वर्ष व महिना जुन्या व्यवहाराचा, अशी जोडगोळी बसली होती. पहिल्या थ्रेडने बफरमधून अर्धी फील्डे वाचली होती, तेवढ्यात दुसऱ्याने तोच बफर भरला. इथे कोसळणे नाही, डंप नाही आणि लॉग वाचणाऱ्याखेरीज कोणी तक्रारही करत नाही.

यावर उपाय म्हणून शेवटी 'आर' लावलेली जुळी फंक्शने आली, त्यांत बफर आपण द्यायचा असतो. मात्र 'आर' दिसला की सुरक्षित, असा नियम करू नये. डिरेक्टरी वाचणारे रीडडिर_आर हे जीलिबसीने २०१६ मध्ये, २.२४ या आवृत्तीत, वापरू नये असे जाहीर केले. बफर किती मोठा आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती, आणि प्रत्येक थ्रेड आपापली डिरेक्टरी वाचत असेल तर साधे रीडडिर तिथे पुरेसे सुरक्षित असते. लोकलटाइम_आरही टाइमझोनसाठी 'टीझेड' हे व्हेरिएबल वाचू शकते, म्हणजे फिरून गाडी गेटएन्व्हवरच येते.

सातरस्ता

विद्याताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून सांगतो. रस्ट भाषेच्या प्रमाण लायब्ररीत एन्व्हायर्नमेंटभोवती पहिल्यापासून स्वतःचे लॉक होते. रस्टमध्ये लिहिलेला सगळा कोड ते लॉक घेत असे, तरीही प्रोग्राम कोसळत. कारण पत्ता शोधणारा किंवा वेळ सांगणारा कोड सीमध्ये होता, आणि त्याला रस्टच्या लॉकचा पत्ताच नव्हता. अखेर भाषेच्या २०२४ आवृत्तीत, जी फेब्रुवारी २०२५ मध्ये रस्ट १.८५ बरोबर आली, व्हेरिएबल सेट करणारे फंक्शन 'अनसेफ' ठरवण्यात आले. ऐरोलीकर, तुमचा म्युटेक्स हा याच दुखण्याचा सी++ अवतार आहे. लॉक न घेणारा एक जरी वाटेकरी असला, तर बाकीच्यांनी कितीही शिस्त पाळली तरी उपयोग नाही.

कोळीवाडा

अखेर धाग्यात रस्ट आलेच. मी वाटच पाहत होतो.

सातरस्ता

आले, पण माफी मागत आले आहे याची नोंद घ्यावी.

हिंदमाता

सातरस्ता यांच्या उदाहरणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो. रस्टने लायब्ररीला दोष दिला नाही. करार काय आहे ते पाहिले आणि जबाबदारी हाक मारणाऱ्यावर टाकली.

रात्रपाळी

साहेब, करार पाळूनही फसल्याचे उदाहरण देतो. जीलिबसीने २०१७ च्या २.२५ आवृत्तीत कंडिशन व्हेरिएबलची (एका थ्रेडने दुसऱ्याच्या सिग्नलची झोपून वाट पाहण्याच्या सोयीची) रचना नव्याने केली. त्या रचनेत एक सूक्ष्म रेस राहिली होती. अत्यंत दुर्मीळ क्रमाने थ्रेड धावले तर सिग्नल वाया जायचा आणि वाट पाहणारा थ्रेड झोपूनच राहायचा. २०२० मध्ये त्याची तक्रार नोंदवली गेली, पण ती जानेवारी २०२५ च्या २.४१ पर्यंत मार्गी लागली नाही. दरम्यान टीएलए+ या पद्धतीने त्या रचनेचा औपचारिक नमुना तयार करून घटनांचा नेमका क्रम दाखवण्यात आला. तो सिग्नल देणारे पीथ्रेड_कॉन्ड_सिग्नल पूर्णपणे थ्रेडसेफ असल्याचेच मॅन्युअल सांगत होते. ते मॅन्युअल कितीही मन लावून वाचले असते, तरी तुमचा थ्रेड जागा झाला नसता.

हिंदमाता

हे मान्य आहे. तिथे लायब्ररीने स्वतःचा शब्द मोडला, तो बग होता. एन्व्हायरॉनच्या बाबतीत तिने मुळात शब्दच दिलेला नाही. हे दोन प्रकार एकाच पारड्यात घालू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

खारदांडा

थोडे बाजूचे, पण याच घराण्यातले. फोर्क करून प्रोसेसची नक्कल काढल्यावर नव्या प्रोसेसमध्ये फक्त हाक मारणारा थ्रेड जिवंत असतो, पण मेमरी मात्र जशीच्या तशी नकलली जाते. त्या क्षणी दुसऱ्या एखाद्या थ्रेडने लायब्ररीतले एखादे लॉक धरले असेल, तर मुलाच्या प्रतीत ते बंदच राहते आणि उघडणारा तिथे नसतो. म्हणून मल्टिथ्रेडेड प्रोग्रामच्या मुलाने एक्झेक करेपर्यंत (नवा प्रोग्राम चढवेपर्यंत) फक्त सिग्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला मध्येच थांबवून देते त्या सूचनेत, चालणारी मोजकी फंक्शनेच वापरावीत, असे पॉझिक्स सांगते. पायथनवाल्यांनी २०२३ च्या ३.१२ पासून थ्रेड चालू असताना फोर्क केल्यास इशारा द्यायला सुरुवात केली आणि ३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची मूळ पद्धतच फोर्कवरून बदलली.

मुलुंडकर

बाजूचेच म्हणाल तर दूरच्या यंत्रावर लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचचे २०२४ चे प्रकरण सोडून चालणार नाही, कारण तिथे एकही जादा थ्रेड नव्हता. ठरलेल्या वेळेत, मूळ मांडणीत १२० सेकंदांत, लॉगिन पूर्ण झाले नाही की सिग्नल येत असे, आणि सिग्नल हाताळणारा कोड (हँडलर) नोंदी लिहिणाऱ्या सिसलॉगला हाक मारत असे. सिसलॉग जीलिबसीत मॅलॉक वापरू शकते. मुख्य प्रवाह मॅलॉकच्या मध्यावर असताना सिग्नल आला, तर अर्धवट अवस्थेतल्या हीपवर (मॅलॉकच्या ताब्यातल्या मेमरीवर) दुसरी हाक पडायची. हल्लेखोराने हा क्षण साधला तर त्याला थेट रूट (यंत्राचा पूर्ण ताबा) मिळत असे. ३२ बिट यंत्रावर त्यासाठी सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागत, असे हा दोष शोधणाऱ्यांनी दाखवले. हीच चूक २००६ मध्ये दुरुस्त झालेली होती आणि पुढे एका फेरबदलात ती परत आत शिरली. ओपनबीएसडी मात्र वाचले, कारण तिथे सिग्नलमध्ये चालेल असे सिसलॉगचे वेगळे रूप बरीच वर्षे आधीच केलेले होते.

इथे म्युटेक्स लावला असता तर उलट अडचण झाली असती. ज्याने लॉक धरले तोच प्रवाह सिग्नलमुळे थांबलेला असताना हँडलर त्याच लॉकसाठी वाट पाहत बसला असता.

माटुंगा_हॉस्टेल

म्हणजे लॉक लावणे हे सगळ्यावरचे उत्तर नव्हे. हे आम्हाला परीक्षेत लिहिले तर गुण मिळतील की कापले जातील?

कोळीवाडा

परीक्षेत लॉक लावा आणि नोकरीत काढा.

विद्याताई

ऐरोलीकर, आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी लिहिणारा कोण आहे ते नक्की करा. वाचणारे असंख्य असतात, त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जीडीबी या डिबगरमध्ये सेटएन्व्ह, पुटएन्व्ह आणि अनसेटएन्व्ह या तिन्हींवर ब्रेकपॉइंट लावा आणि पहिला थ्रेड सुरू झाल्यानंतर तिथे कोण येते ते बघा. थेट चालू यंत्रणेत जीडीबी लावण्याची परवानगी नसेल, तर सेटएन्व्हची हाक अडवून स्टॅक (हाक कुठून आली ती साखळी) लॉगमध्ये लिहिणारी छोटी शेअर्ड लायब्ररी एलडी_प्रीलोडने, म्हणजे इतर लायब्ररींच्या आधी चढवण्याच्या सोयीने, घुसवता येते.

थ्रेडसॅनिटायझर हे रेस शोधणारे साधनही वापरून पाहा, पण त्याच्याकडून फार आशा ठेवू नका. जो कोड त्याच्यासह कंपाइल केला आहे त्याचेच वाचन-लेखन त्याला नीट दिसते. पुरवठादाराची बंद लायब्ररी त्याच्या नजरेबाहेर राहते. शिवाय प्रोग्राम ५ ते १५ पट मंदावतो, आणि तुमचा दोष वेळेच्या योगायोगावर बसलेला असल्यामुळे त्या मंद गतीत तो कदाचित दिसणारही नाही.

ऐरोली_पूर्व

विद्याताई, प्रीलोडचा उपाय केला आणि उत्तर मिळाले. पुरवठादाराची लायब्ररी प्रत्येक नवे सत्र उघडताना त्या सत्राच्या नावाने एक व्हेरिएबल सेट करते. सकाळी सत्रे एकामागून एक उघडतात, म्हणजे दर वेळी अगदी नवे नाव, दर वेळी ॲरेत एक घर जास्त. मुलुंडकरांनी वर्णिलेला प्रकार तंतोतंत जुळला. पुरवठादाराला स्टॅकसह पत्र पाठवले, त्यावर 'आमच्या इतर ग्राहकांकडून अशी तक्रार नाही' असे अपेक्षित उत्तर आले.

आता प्रीलोडमध्येच गेटएन्व्ह आणि सेटएन्व्ह दोन्ही अडवून त्यांच्याभोवती एक लॉक लावावे, असा विचार आहे. चालेल का?

मुलुंडकर

सेटएन्व्ह अडवा, गेटएन्व्हचा नाद सोडा. जीलिबसी आपल्याच आतल्या गेटएन्व्हला अंतर्गत नावाने हाक मारते, त्यामुळे गेटॲडरइन्फोतून होणारे वाचन तुमच्या प्रीलोडपर्यंत येणारच नाही. आणि आले असते तरी गेटएन्व्ह पॉइंटर परत देते. लॉक सुटल्यानंतर तो पॉइंटर किती वेळ वैध राहील याची हमी तुमचे लॉक देऊ शकत नाही.

त्याऐवजी सेटएन्व्हच स्वतः लिहा. लॉक घ्या, नवा मोठा ॲरे बनवा, जुन्यातले पॉइंटर त्यात उतरवा, नवी नोंद जोडा, मग एन्व्हायरॉनला नव्या ॲरेकडे वळवा. ही शेवटची नोंद ॲटॉमिक पद्धतीने (अर्धवट दिसणार नाही अशी), रिलीज क्रमाने (आधीचे लेखन आधीच दिसेल अशी) करा, नाहीतर एआरएम प्रोसेसरच्या यंत्रावर ॲरेतल्या नोंदींच्या आधी पॉइंटरच दुसऱ्या थ्रेडला दिसू शकतो. जुना ॲरे मात्र कधीही मोकळा करायचा नाही. काही किलोबाइट वाया जातील, पण जुना ॲरे धरून चालणाऱ्या थ्रेडच्या पायाखालची जमीन जाणार नाही. सत्रे फार असतील तर जागा आधीच ऐसपैस घ्या, म्हणजे नकला कमी होतील. जीलिबसी २.४१ मध्ये गेटएन्व्ह सुरक्षित करताना साधारण हाच मार्ग घेतला आहे.

हिंदमाता

हा उपायही करारावर उभा नाही, जीलिबसीच्या आतल्या रचनेवर उभा आहे, एवढे त्या फाइलच्या माथ्यावर लिहून ठेवा. उद्या पुरवठादाराने सेटएन्व्हऐवजी एन्व्हायरॉन थेट बदलायला घेतले, तर तुमची प्रीलोड लायब्ररी नुसती बघत राहील.

ऐरोली_पूर्व

लिहून ठेवतो. आमच्या यंत्रांवरची आवृत्ती २.४१ च्या बरीच आधीची आहे आणि बाजाराच्या यंत्रणेवर ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला मंजुरी मिळेपर्यंत वेळ जाईल, म्हणून तोवर मुलुंडकरांचा मार्ग धरतो. काही सेवा अल्पाइन या लिनक्सच्या कंटेनरमध्ये हलवण्याचाही विचार चालू आहे. तिथे हे सगळे आपोआप सुटेल का?

खारदांडा

नाही. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसून मसल ही वेगळी सी लायब्ररी असते, त्यामुळे २.४१ मधली सुधारणा तिथे लागू होत नाही. तुमची प्रीलोड फाइल तिथे वेगळी बांधावी लागेल, आणि पुरवठादाराची बंद लायब्ररी जीलिबसीसाठी बांधलेली असेल तर ती मसलवर मुळात चालते का, हे त्याआधी तपासा.